केळ्यासारखा रेणू पडदा खरंच वाकवतो का? डिचोलीच्या वाचकांना उत्तर

बार डोमेन हा काही प्रथिनांचा केळ्यासारखा बाकदार भाग पेशीचा पडदा वाकवतो, असं मी मूळ लेखात त्याच्या स्फटिकातल्या रचनेचं चित्र दाखवून लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. तुम्ही म्हणता, 'स्फटिकात गोठलेल्या रेणूचा आकार केळ्यासारखा दिसला म्हणून तो जिवंत पेशीत पडदा वाकवतो, हे सिद्ध होत नाही. पडदा आधी वाकत असेल आणि प्रथिन मागाहून येऊन चिकटत असेल.'

आक्षेप रास्त आहे. 'हे चित्रच सगळं सांगून जातं' हे माझं वाक्य मी मागे घेतो.

चित्र काय सांगतं तेवढंच आता सांगतो. बार डोमेनची पहिली रचना २००४ साली फळमाशीच्या प्रथिनातून मिळाली, माणसाच्या बिन१ या प्रथिनातली २००६ साली. प्रथिनाच्या दोन साखळ्या एकमेकींत गुंतून बाकदार जोडी होते. तिच्या आतल्या बाजूला लायसिन आणि आर्जिनिन हे प्रथिनाचे धनभारित घटक दाटीनं बसलेले, तर पेशीच्या पडद्याची आतली बाजू ऋणभारित. दोघांचं जमावं असा संशय येतो. पण तो संशयच.

तो तपासला गेला कृत्रिम मेदपिशव्यांवर. शुद्ध प्रथिन मिसळलं की गोल पिशव्यांच्या लांब नळ्या होतात, आणि ते धनभारित घटक बदलले की प्रथिन नीट चिकटत नाही. म्हणजे वाकवणारं दुसरं कुणी तिथे नव्हतंच. मात्र प्रथिन थोडं असेल तर ते आधीच वाकलेला पडदा शोधून त्यावर बसतं. तुमचं म्हणणं तिथे बरोबर ठरतं. भरपूर असेल तेव्हा नेवरीच्या (करंजीच्या) साच्यासारखं स्वतःच आकार देतं.

एका चुकीबद्दल तुम्ही मला आणखी धारेवर धरायला हवं होतं. या प्रथिनाच्या सुरुवातीचा तुकडा स्फटिकात दिसतच नाही. पडद्याला टेकल्यावरच त्याचं मळसूत्र होतं आणि ते पाचरीसारखं पडद्यात शिरतं. मी त्याचा उल्लेखही केला नव्हता. शिवाय, केळ्याचा आकार नसलेली प्रथिनंही पडद्याच्या एकाच बाजूला खच्चून भरली तर तो वाकतो, हे २०१२ साली दिसलं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी म्हापशाच्या बाजारात गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान घेताना जशी रेटारेटी होते, तशीच ती.

आणि जिवंत देहातला पुरावा? स्नायूपेशीच्या पडद्याच्या आत शिरणाऱ्या नलिका घडवण्यात बिन१चा हात असतो. याच प्रथिनाच्या जनुकातले बिघाड वारशानं येणाऱ्या एका स्नायुविकाराला कारण ठरतात, हे २००७ साली कळलं. त्यातले काही बिघाड नेमके बार डोमेनमध्ये आहेत, आणि पेशीत तपासल्यावर ते नळ्या करण्यात कमी पडतात. माझा भरवसा त्या चित्रापेक्षा या रुग्णांवर जास्त आहे.

मूळ लेखातला तो परिच्छेद आज रात्री बदलतो. वाचून पुन्हा जरूर लिहा.