पॅच फाडा, पण आधी वाचा तरी!

आज डोकं जाम सटकलंय. सांगलीचा भाचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. सी भाषेतल्या एका ओपन सोर्स प्रोजेक्टला (कोड सगळ्यांना खुला असलेलं सॉफ्टवेअर) त्यानं पहिलाच पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, पाठवला, मेमरी लीकचा: वापरून झालेली मेमरी प्रोग्रॅम परतच करत नव्हता. मेंटेनरचं, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याचं, उत्तर: "आधी सी शिकून ये." पीआर (दुरुस्ती घ्या अशी विनंती) बंद!

मी पॅच बघितला. चूक होतीच. फंक्शनच्या शेवटी फ्री (मेमरी परत करणारी ओळ) टाकलं होतं, पण मध्येच एरर आली की तिथूनच रिटर्न, मेमरी तशीच लटकलेली. मग "एरर पाथवर फ्री राहिलंय" असं लिहायला काय झालं होतं? तेवढीच तर अक्षरं!

आता कुणीतरी लिनक्सवाल्या, झोडपण्यासाठी प्रसिद्ध लिनस टोरवाल्ड्सला मध्ये आणणारच. आणा. 2012 च्या डिसेंबरात तो भडकला होता, कारण लिनक्सच्या गाभ्यातल्या, म्हणजे कर्नलमधल्या, बदलामुळे लोकांचे चालू प्रोग्रॅम मोडत होते. मुद्दा शंभर टक्के बरोबर. पण समोर कर्नलचा जुना मेंटेनर होता, सांगलीचं पोर नव्हे. आणि 2018 च्या सप्टेंबरात त्याच लिनसनं स्वतःच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागून काही आठवडे सुट्टी घेतली. परत आला. भुक्कड पॅच आजही परत पाठवतो. कर्नल काही बुडालं नाही.

बरं, मेंटेनर फुकट राबतात, मान्य. एक्सझेड या फायली कॉम्प्रेस करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मेंटेनरनं तर तब्येत ठीक नसल्याचं उघड सांगितलं होतं, तरी त्याच्यामागे 'लवकर कर, नाहीतर दुसऱ्याला दे' असा तगादा. शेवटी 'जिया टॅन' नावाच्या सभ्य, मदतीला तत्पर खात्याकडे अधिकार गेले आणि 2024 मध्ये त्यानंच घातलेलं बॅकडोअर, म्हणजे चोरदरवाजा, निघालं. तेही कसं, तर आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएच (दूरच्या कॉम्प्युटरवर शिरायची सोय) लॉगिन अर्धा सेकंद जास्त घेताना दिसलं म्हणून. म्हणजे गोड बोलणाऱ्याचाही कोड ओळ न् ओळ तपासायचाच. एक्सझेडच्या त्या एकट्या मेंटेनरचं वाईटच वाटतं मला.

पण भाच्याच्या मेंटेनरनं तपासलं कुठे? हाकललं फक्त!

संध्याकाळी फोनवर त्याला सांगितलं, गोटू (कोडमध्ये थेट दुसऱ्या जागी उडी) लावून सगळे रस्ते मेमरी परत करणाऱ्या एकाच क्लीनअपला आण, कर्नलमध्येही तसंच करतात. तर म्हणतो, "मामा, कॉलेजात गोटू लिहिलं तर मार्क कापतात." हसावं की रडावं!

फ्रेंडलिस्टमधल्या मेंटेनर मंडळींनो, नव्या पोरांचा सी कोड नीट वाचून झोडपणारं प्रोजेक्ट माहीत असेल तर इनबॉक्स करा. 'स्किल इश्यू' (म्हणजे तुलाच जमत नाही) लिहायला येणाऱ्यांना सरळ ब्लॉक करणार आहे.