‘मदत मिळाली की पोरं लुळी पडतात’ म्हणणाऱ्यांना

आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर हा मजकूर तिसऱ्यांदा फिरतोय: ‘कॉलेजात समुपदेशक कशाला? आमच्या वेळी नव्हते, तरी आम्ही टिकलोच. मदत मिळाली की पोरं लुळी पडतात. फार वाटलं तर कॉलेजनं घरी फोन करावा.’ नागपुरात नंदनवनला मी अकरा वर्षं दोन खोल्या विद्यार्थ्यांना भाड्यानं देते आहे, म्हणून उत्तर देते.

‘टिकलोच’ हे टिकलेलेच लिहितात. पहिल्या वर्षी नापास होऊन, कुणाला न सांगता ट्रंक उचलून गावी परतले, ते या ग्रुपवर नाहीत. आणि राष्ट्रीय गुन्हे नोंदीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, त्यांचं काय?

आता लुळं पडण्याबद्दल. गडचिरोलीतल्या एटापल्लीकडचा एक पोरगा माझ्याकडे राहायचा. घरी माडिया बोलणारा, वर्गात गप्प. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला आणि त्यानं मेस बंद केली. विचारलं तर म्हणे, पोट दुखतं. मी दिलेला डबा झाकून तसाच दाराशी ठेवलेला असायचा. त्याच्या कॉलेजातल्या समुपदेशक बाईंनी अर्ज भरून दिला नाही. शेजारी बसल्या आणि त्रुटी त्यालाच मोठ्यानं वाचायला लावली. उत्पन्नाचा दाखला जुना होता, एवढंच! गावाकडच्या सेतू केंद्रात फोनही त्यालाच करायला लावला. पुढच्या वर्षी शेजारच्या खोलीतल्या दोन पोट्ट्यांचे अर्ज यानंच तपासून दिले. याला लुळं पडणं म्हणता?

घरी फोन करण्याचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. अठरा वर्षांचा मुलगा मतदान करतो, पण त्याच्या मनातलं त्याला न विचारता बापाला सांगायचं? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचाराबाबतची गोपनीयता हा हक्क मानला आहे. जिवाला धोका असेल तर अपवाद आहे आणि तो असायलाच हवा. एरवी धान कापणीत असलेल्या बापाला असा फोन गेला, तर त्याचं उत्तर एकच येतं, ‘बस पकड, घरी ये.’ आपल्या शहरात मनोरुग्णालयाजवळ अजून लोक ‘पागलखाना चौक’ म्हणून रिक्षा थांबवतात. तिथे कोणता पोरगा दुसऱ्यांदा समुपदेशक बाईंच्या दारात जाईल?

आणि ‘कशाला’ विचारायची वेळ गेली. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये बजावलं आहे. तुमच्या मुलीच्या कॉलेजात समुपदेशक कुठे बसतात, हे विचारून बघा.

आमच्या जिन्यात टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावला आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. एटापल्लीच्या पोरानं त्याखाली पेनानं आपलाही नंबर लिहून ठेवलाय: ‘अर्जाचं काही अडलं तर.’