गारिफुनांचा धर्म न्यूयॉर्कने बुडवला?

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतो आहे. मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या गारिफुना समाजाने म्हणे आफ्रिकेतला धर्म दोनशे वर्षं जसाच्या तसा जपला आणि न्यूयॉर्कला गेल्यावर एका पिढीत घालवला. गाव सुटलं की देव सुटतो, हे वर तात्पर्य. वाचायला गोड आहे, पण तपासलं की फारसं काही उरत नाही.

‘आफ्रिकेतला, जसाच्या तसा’ इथपासूनच गडबड आहे. हा समाज घडला कॅरिबियन समुद्रातल्या सेंट व्हिन्सेंट बेटावर, आफ्रिकी माणसं आणि तिथले मूळचे कॅरिब यांच्या मिसळणीतून. भाषा आरावाक या मूलनिवासी भाषाकुळातली, कसाव्याच्या कंदाची भाकरीही मूलनिवाशांची, ढोल आफ्रिकी वळणाचे. पितरांशी बोलणारा बुयेई (पुष्कळदा ती बाईच असते) खुळखुळा आणि तंबाखूचा धूर वापरतो, तो वारसा कॅरिबांचा. त्यात पुन्हा बहुतेकजण कॅथलिक, त्यामुळे पितरांसाठी मिस्साही होते.

‘गाव सुटलं’ म्हणायचं तर ते १७९७ सालीच सुटलं. युद्धात हरवून ब्रिटिशांनी त्यांना आधी बालिसो या उजाड बेटावर कोंडलं. तिथे निम्म्याच्या आसपास माणसं मेली. उरलेल्या सुमारे दोन हजारांना होंडुरासजवळच्या रोआतान बेटावर नेऊन सोडलं. तिथून ते बेलीझ, ग्वाटेमाला, निकाराग्वापर्यंत पसरले. आज ज्याला त्यांचा धर्म म्हणतात, तो या हद्दपारीनंतरच्या किनाऱ्यावर आकाराला आला.

आता न्यूयॉर्क. इथे मजकूर सरळ उलटा पडतो. गारिफुनांचा सर्वांत मोठा विधी दुगू. दुर्लक्षित पितर आजारपण किंवा अपयश पाठवतात, मग बुयेई कारण सांगतो आणि सगळं कुळ जमवून, दिवसचे दिवस ढोल, गाणी आणि नैवेद्य चालतात. पितरांकडे दुर्लक्ष व्हायची भीती सर्वांत जास्त कुणाला? न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात डबल शिफ्ट करणाऱ्याला! दुखणं तिकडे, उपाय गावात. खर्च दांडगा, तो डॉलरवाल्यांनी उचलायचा. नुसते पैसे पाठवून भागत नाही, स्वतः यावंही लागतं. म्हणजे स्थलांतराने दुगूला गिऱ्हाईकही दिलं आणि भांडवलही. (शब्द जरा व्यापारी झाले, पण हिशोब खरा आहे.)

आणि आफ्रिका? ब्राँक्समधल्या गारिफुनांचा अभ्यास केलेल्या पॉल क्रिस्टोफर जॉन्सन यांनी दाखवलंय की होंडुरासच्या खेड्यांत पितरांचं मूळ घर म्हणजे सेंट व्हिन्सेंट. न्यूयॉर्कमध्ये शेजारी क्युबाची सांतेरिया, हैतीचा वोडू हे आफ्रिकी मुळांचे धर्म भेटले, तेव्हा तिथले बुयेई स्वतःला त्याच आफ्रिकी घराण्यातले मानू लागले. मजकुरातली ‘गमावलेली’ आफ्रिका त्यांना सापडली ती तिथे.

तोटा झालाच नाही असं नाही. तिकडे जन्मलेल्या मुलांची भाषा इंग्रजी किंवा स्पॅनिशकडे सरकते आहे. फ्लॅटमध्ये छोटे विधी होतात, पण दुगूला समुद्राकाठचं पितृमंदिर लागतं, आसपासच्या बेटांवरून आणलेली मासळी लागते. खरा धोका त्या किनाऱ्यालाच आहे, आणि मजकुरात त्याचा उल्लेखच नाही. पर्यटन प्रकल्प आणि पामतेलाच्या मळ्यांपायी होंडुरासमध्ये गारिफुनांच्या सामूहिक जमिनी हातच्या जात आहेत. २०१५ मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने त्रिउन्फो दे ला क्रूझ आणि पुंता पिएद्रा या दोन गावांच्या खटल्यांत होंडुरास सरकारला दोषी धरलं. त्रिउन्फोच्या तरुण नेत्यासह काही गारिफुना पुरुषांना २०२० मध्ये पोलिसी वेशातल्या सशस्त्र माणसांनी घरांतून उचलून नेलं.