पिस्तुलं जमवू इच्छिणाऱ्यांना चार हिताच्या गोष्टी

बेळगाव भागात राहून खिशात मावणारी सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलं जमवायचा छंद तुम्हाला लागला असेल, तर आधी अभिनंदन. लोक म्हणतील, पोस्टाची तिकिटं जमव, जुनी नाणी जमव. ऐकू नका. निवडणूक लागली की तिकिटांचा अल्बम पोलीस ठाण्यात जमा करावा लागत नाही. मग त्या छंदात राहिलं काय?

फक्त स्वतःला 'कलेक्टर' म्हणवून घेऊ नका. आमच्याकडे कलेक्टर आणि गोळी यांचं नातं जुनं आहे. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी धारवाडचा कलेक्टर थॅकरे कित्तूरच्या किल्ल्यापुढे चन्नम्मा राणीच्या माणसांच्या गोळीनं पडला. मी एकदा परवान्याच्या एका कार्यालयात ऐटीत म्हणालो, "मी कलेक्टर आहे." समोरचा क्लार्क उठून उभा राहिला. मग त्यानं माझ्या चपलांकडं पाहिलं आणि परत बसला. "नाळे बर्री," म्हणाला. उद्या या. असे उद्या मी एकूण अकरा पाहिले.

आता काय जमवायचं ते बघू. सिनेमातलं नऊ एमएम विसरा, ते तुमच्या-माझ्यासारख्याला मिळत नाही. आपल्या नशिबी ३२ बोअर, म्हणजे नावाला .३२ इंच नळीचं. ब्राउनिंगसाहेबानं बेल्जियमच्या कारखान्यासाठी काढलेलं हे काडतूस सव्वाशे वर्षांचं झालं. युरोपात त्यालाच ७.६५ एमएम म्हणतात. ही माहिती तुम्हाला असून उपयोग नाही, ती टेबलापलीकडं असावी लागते. माझ्या पिस्तुलावर ७.६५ कोरलेलं आणि परवान्यात .३२ लिहिलेलं. दोन्ही एकच, हे सिद्ध करायला मला चार महिने आणि एक शपथपत्र लागलं. पाचव्या महिन्यात साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "सात पॉइंट पासष्ट मोठं की बत्तीस?"

संग्रह किती मोठा असावा, याचीही काळजी करू नका. ती सरकारनं केली आहे. पूर्वी माणशी तीन हत्यारं चालत. २०१९ साली शस्त्र कायदा बदलला आणि दोनवर आणली. जगात कुठल्या संग्राहकाला इतकी आखीव चौकट मिळते? दोन झाली की संग्रह पूर्ण. आयुष्यभराची तळमळ संपली.

माझ्याकडं तेव्हा तीन होती. पहिलं आजोबांचं वेब्ली अँड स्कॉट. कॅम्पातला एक गोरा साहेब विलायतेला जाताना विकून गेला, असं घरात सांगतात. चौकोनी, ठोकळ्यासारखं. १९११ पासून लंडनचे पोलीस असलंच वापरत, हे मी प्रत्येक पाहुण्याला सांगतो आणि प्रत्येक पाहुणा चहाची आठवण करून देतो. दुसरं जर्मन वॉल्थर पीपी. ते मी १९९७ला जुनंच घेतलं, सेकंडहँड मारुतीच्या भावात. बाहेरून पिस्तूल आणायची वाट ऐंशीच्या दशकातच बंद झाली, त्यामुळे आपल्या देशात जुन्या विलायती पिस्तुलाचा भाव जमिनीसारखा वाढतो. सौ. आजही रस्त्यात जुनी मारुती दिसली की माझ्याकडं बघते. बोलत नाही, नुसती बघते. तिसरं सरकारी कारखान्याचं, नवं कोरं अशनी. अशनी म्हणजे वज्र.

तिघांतलं एक सोडायचं होतं. आजोबांचं कसं सोडणार? वारसाचं असलं तरी मोजणीत धरतात, हेही तेव्हाच कळलं. मारुतीचं सोडलं असतं तर घरात वेगळाच दारूगोळा फुटला असता. म्हणून वज्र विकायला काढलं. पण तुमच्याकडं तीन असली की तुमच्या ओळखीच्या हौशी माणसाकडंही तीनच असतात, आणि तोही विकायलाच निघालेला असतो. शेवटी ते गन हाऊसमध्ये ठेवलं. इंद्राचं वज्र दरमहा भाड्यानं राहतं.

आता वापर. छोटं पिस्तूल म्हणजे हलकं काम, असा समज असेल तर तो जपा, पहिल्या गोळीपर्यंत टिकेल. या छोट्या पिस्तुलांत बहुधा नळी जागची हलत नाही. गोळी पुढं जाते तशी स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, त्याच धक्क्यानं मागं येते, रिकामं काडतूस बाहेर फेकते आणि स्प्रिंगच्या जोरावर परत जाताना नवं आत ढकलते. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. तुमची पकड बोटभर वर गेली असेल तर अंगठ्याच्या बेचक्यातली कातडीही त्या कामात सामील होते. माझ्या उजव्या हाताला दोन समांतर रेघा आहेत. ज्योतिषी म्हणाला, परदेशगमन.

राहिली निगा. बेळगावचा पाऊस जूनला येतो आणि गणपती उठले तरी हलत नाही. अशा हवेत पिस्तूल चामड्याच्या म्यानात घालून कपाटात ठेवा, झकास दिसतं. वडिलांनी वेब्ली तसंच ठेवलं होतं. चामडं ओल धरतं. सप्टेंबरात काढलं तर म्यानाच्या शिवणीचा टाका न् टाका गंजात उमटलेला, जणू पोलादावर भरतकाम. तेव्हापासून मी ते तेल लावून सुती फडक्यात ठेवतो आणि बुटांच्या खोक्यात येतात त्या पुड्या शेजारी टाकतो. गंजाचं भागलं, पण खंडेनवमीचं काय? कोयता, ट्रॅक्टर आणि शिलाई मशीन यांच्या ओळीत ते मांडलं जातं, आणि आमची आई हात आखडता घेत नाही. स्लाइडच्या खाचेत २०१६ सालचं कुंकू अजून आहे.

लग्नसराईत तुमचा भाव वाढेल. "भावोजी, वरातीत एक बार काढा की!" अवश्य काढा. हौसेनं हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेवढाच आहेर.

पण या छंदाचा खरा आनंद निवडणुकीत. आचारसंहिता लागली की पिस्तूल ठाण्यात, निकाल लागला की घरी. मे २०१८ विधानसभा, एप्रिल २०१९ लोकसभा, डिसेंबर २०२० ग्रामपंचायत, एप्रिल २०२१ लोकसभेची पोटनिवडणूक, मे २०२३ विधानसभा, मे २०२४ लोकसभा. माझ्या वेब्लीनं इतक्या निवडणुका पाहिल्यात की त्याचं डिपॉझिट कधी जप्त होत नाही एवढाच त्याच्यात आणि आमच्या काही उमेदवारांत फरक.

एकदा ठाण्यातल्या रायटरनं, म्हणजे नोंदी लिहिणाऱ्या पोलिसानं, काडतुसं मोजली. घेतलेली पंचवीस, समोर बावीस. तीन कुठं गेली? रेंजवर उडवली होती. रिकामी दाखवा म्हणाला. मी ती घरी कुंद्याच्या, म्हणजे बेळगावच्या प्रसिद्ध मिठाईच्या, डब्यात जपून ठेवली होती. धावत जाऊन डबा आणला. बेळगावात कुंद्याचा डबा घेऊन आलेल्या माणसाचं काम अडत नाही. रायटरनं पेन खाली ठेवलं, टेबल पुसलं, शेजारच्या हवालदाराला बोलावलं. "कुंदा तंदीरेनरी?" कुंदा आणलात का? डबा उघडला. आत पितळेची तीन टरफलं. रायटर बराच वेळ डब्यात बघत होता. पावतीवर त्यानं माझं आडनाव चुकीचं लिहिलं, आणि मीही ते दुरुस्त करा म्हणालो नाही.

सीमाभागातल्या मराठी माणसानं मात्र परवान्याचा एक रकाना मन घट्ट करून वाचावा. क्षेत्र : कर्नाटक राज्य. माझं सगळं आयुष्य 'बेळगाव, निपाणी, कारवार, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' म्हणण्यात गेलं. खटला २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. पण घरातल्या पिस्तुलांनी निकालाची वाट पाहिलेली नाही. ती कर्नाटकातच सुखानं राहतात. वेंगुर्ला रस्त्यानं बाची ओलांडलं की शिनोळी, म्हणजे महाराष्ट्र. तिथं पिस्तूल घेऊन पाऊल टाकलं तर मी गुन्हेगार. भारतभरचा परवाना मागितला होता. कारण विचारलं, तर 'बहिणीकडे जाणे' असं लिहिलं. कारण पुरेसं नाही म्हणून अर्ज परत आला.

बहीण चंदगड तालुक्यात दिलीय. मागच्या हंगामात तिचा फोन आला. उसात हत्ती शिरलाय.

"दादा, येताना ते पिस्तूल घेऊन ये की."

३२ बोअरची गोळी पाच ग्रॅमचीही नसते, हत्तीला वाटेल गोमाशी बसली. शिवाय हत्तीवर गोळी झाडली की उरलेलं आयुष्य कोर्टात जातं. पण हे तिला कुठं समजावत बसू? मी म्हणालो, "अगं, त्याला महाराष्ट्रात यायला परवानगी नाही. ते कर्नाटकातलं आहे."

"मग तू कुठला?"

"आधी हत्ती गेला का सांग," म्हणालो.