हळदीची कॅप्सूल म्हणजे आमटीतली हळद नव्हे

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीतल्या बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच मेसेज तिसऱ्यांदा आला: 'रोज एक हळदीची कॅप्सूल. पाळीचं दुखणं बंद, हार्मोन्स बॅलन्स, पेनकिलर नको. घरचीच हळद, अपाय शून्य.' ऐरोलीची माझी भाची तीन महिने हेच घेत होती, म्हणून लिहिते.

आधी 'घरचीच हळद'. बाकी सगळा विश्वास त्यावरच उभा आहे. हळदीत कर्क्युमिन, म्हणजे तिचा मुख्य औषधी घटक, साधारण ३ टक्के असतं. आमटीत आपण अर्धा चमचा घालतो, तीही चौघांत वाटली जाते. ९५ टक्के कर्क्युमिन असलेल्या अर्काच्या ५०० मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमध्ये मात्र जवळपास १६ ग्रॅम हळदीतलं कर्क्युमिन असतं. वर बऱ्याचदा त्यात मिरीतला पायपरीन हा घटकही घातलेला असतो. त्याने कर्क्युमिनचं शोषण सुमारे २० पट वाढतं, हे बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ सालीच दाखवलं. एवढा डोस आपल्या आज्यांनी कधी घेतला? अमेरिका, इटली, ऑस्ट्रेलियात अशा गोळ्यांनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. प्रमाण कमी आहे, पण शून्य नाही. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, पित्ताशयात खडे असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

'दुखणं बंद' यात थोडं तथ्य आहे, ते नाकारणार नाही. पाळीत प्रोस्टाग्लँडिन या शरीरातच तयार होणाऱ्या रसायनामुळे गर्भाशय आवळतं आणि कळा येतात. कर्क्युमिन दाह कमी करतं. इराणमधल्या छोट्या चाचण्यांत पाळीआधीच्या त्रासात फरक दिसलाही. पण चाचण्या लहान, आणि 'कमी' म्हणजे 'बंद' नव्हे. डॉक्टर देतात ती मेफेनॅमिक अ‍ॅसिडची गोळी याच प्रोस्टाग्लँडिनवर काम करते, आणि तिचा पुरावा कितीतरी भक्कम आहे. मुलीला ती नाकारून कळा सोसायला लावणं मला पटत नाही.

'हार्मोन्स बॅलन्स'? कुठले? थायरॉइड, प्रोलॅक्टिन, इन्सुलिन, इस्ट्रोजेन, प्रत्येकाची तपासणी वेगळी, उपचार वेगळे.

मेसेजमध्ये नसलेली गोष्ट मला जास्त छळते. कर्क्युमिन लोहाला धरून ठेवतं, म्हणजे ते शरीराला कमी मिळू शकतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. जिचं अंगावरून भरपूर जातं, तिनेच हे भारी डोसात रोज घ्यायचं?

भाची दर पाळीला दोन दिवस कॉलेज बुडवते. 'गोळी चालू आहे ना' म्हणून कुणी तिला डॉक्टरकडे नेलं नाही. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशी बाहेर वाढणं) असो, फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ) असो, तपासल्याशिवाय कळणार कसं? कॅप्सूल थांबवली आहे. शनिवारी मी तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेतेय, हिमोग्लोबिनही करून घेणार आहोत.