कळलावीचा पंचनामा

नानांनी माझा पेन नेला त्याला आज चौथा दिवस. पेपर तपासायचा लाल पेन, चांगला चालत होता. मागायची सोय नाही, कारण तो माझ्याच वेलीविरुद्धच्या पंचनाम्यात कामी आलाय.

वेल म्हणजे कळलावी. लहानपणी श्रावण-भादव्यात बांधावरच्या काट्याकुट्यात कुठंही दिसायची. आता बांधच नांगरून टाकलेत, ती राहील कुठं? औषधासाठी कंद उपटून नेणारे वेगळेच. मी कंदाला हात लावला नाही, शेंग उकलल्यावर चार लालभडक बिया तेवढ्या आणल्या. बी म्हणजे धीराचं काम. तीन पावसाळे नुसती पानं बघितली. यंदा चौथ्याला फूल आलं. मागं उलटलेल्या सहा पाकळ्या, कडा पापडासारख्या मुरडलेल्या. आधी हिरवट, मग पिवळ्या, मग शेंदरी आणि शेवटी निखारा. लातुरात, आठ दिवसांनी येणाऱ्या नळाच्या पाण्यावर, माझ्या कुंडीत! फोटो गल्लीच्या ग्रुपवर टाकला. खाली नाव लिहिलं, तिथं चुकलो.

संध्याकाळी नाना हजर. शेजारी आहेत, निवृत्त तलाठी. नोकरी सुटली, वही सुटली नाही.

"सर, झाड कधी लावलं?"

"चार वर्षं झाली. आणि झाड नाही, वेल आहे."

"वेल," त्यांनी लिहून घेतलं. "चतुःसीमा सांगा."

"कुंडीच्या?"

"पूर्वेला काय हाय?"

"मोरी."

"पश्चिमेला?"

"तुमची भिंत. नाना, हे काय करायलाव तुम्ही?"

उत्तर न देता ते भिंतीशी वाकले. कळलावीच्या पानाचं टोक लांबत जाऊन तारेसारखं वळतं आणि जे सापडेल त्याला विळखा घालतं. यातल्या एका पानानं भिंतीपलीकडं वाळत घातलेल्या नानांच्या बनियनचं भोक बरोबर हेरलं होतं. नानांनी दोन बोटांत धरून ते हळूच सोडवलं. "अतिक्रमण," म्हणाले, आणि तेही लिहिलं.

मग वहीचं मागचं पान उघडून वाचायला लागले. जूनपासून गल्लीत झालेली भांडणं, तारीखवार. टँकर, पाइप आधी कुणाचा. टँकर, घागर लाथाडली. सासू-सून, वरणात मीठ. परत टँकर. एकूण अकरा.

"यातली नऊ तर टँकरची आहेत की, नाना!"

"पण लागली कवा? येल उगवली तवाच."

आता वेल जूनमध्ये उगवणारच. उन्हाळाभर कंद मातीत झोपतो आणि पहिल्या पावसाला कोंब काढतो. नेमकं तेव्हाच टाक्यांच्या तळाशी गाळ उरलेला असतो. मी जीवशास्त्र शिकवतो, म्हणून उत्साहानं सांगत सुटलो, की यातली कळ म्हणजे भांडण नव्हे, बाळंतपणाची कळ. ती लवकर लागावी म्हणून जुन्या बायका कंद उगाळून लावायच्या. तमिळनाडूनं हे राज्यफूल केलंय, तिकडं बियांसाठी शेती करतात.

"म्हणजे पोटात बी दुखतंय," नानांनी नोंद केली.

माझं डोकं फिरलं. "२०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच्या आधी पाण्याच्या टाक्यांपाशी १४४ कलम लावलं होतं. तेव्हा कुठं होती माझी वेल?"

"आसंल की कुणाच्या तरी घरी," नाना शांतपणे म्हणाले.

यावर काय बोलणार? एवढ्या मोठ्या गावाची तहान एका कुंडीवर ढकलली की सगळ्यांचंच सोयीचं होतं. टँकर कधी येणार हे वेलीला कुणी विचारत नाही, आणि ज्यांना विचारायला पाहिजे त्यांच्या दारात नाना वही घेऊन जात नाहीत.

वही मिटून नाना जवळ सरकले, आवाज खाली आला. "सर, रात्री पायाचा अंगठा लई ठणकायलाय. डॉक्टर गाऊट म्हणायलेत. ह्येच्या कंदात त्याचं औषध असतंय म्हणं? उलुसा द्या की."

मी ओरडलोच. औषध असतं, कोल्चिसिन, पण ते डॉक्टरांनी मोजून दिलेल्या गोळीतून घ्यायचं. कंद तसाच खाल्ला तर माणूस दगावतो. आवाज इतका चढला, की बायको पीठभरल्या हातानं बाहेर आली आणि समोरच्या गॅलरीत तिघंजण उभे राहिले.

नानांनी वही परत उघडली. "बारावं. साडेसहा वाजता, सरांचं." दोन शब्दांत त्यांचा पेन संपला. "पंच म्हणून सही करा. पेन हाय का तुमच्याकडं?"

दिला.

तेव्हापासून रात्री कुंडी उचलून आत आणतो. न जाणो, अंधारात कुणी कंद उकरला म्हणजे? जागा फक्त पलंगाशेजारी आहे, तीही बायकोच्या बाजूला. काल सकाळी पानाचं एक टोक तिच्या शेपट्यात अडकलेलं निघालं. कालपासून ती माझ्याशी बोलत नाही.

हे तेरावं. लिहून ठेवलं असतं, पण पेन नानांकडं आहे.