डेलावेअरमधल्या लोकांची जनुकं बदलली नव्हती

गेल्या दोन आठवड्यांत एकच मजकूर मला चार ग्रुपवर आला. एक ग्रुप नातेवाइकांचा, एक शाळेतल्या वर्गमित्रांचा, आणि उरलेल्या दोन्हींत निम्मे डॉक्टर. वर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने गेलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकन अभिनेत्याचा, चॅडविक बोसमनचा, फोटो आणि खाली मजकूर, थोडक्यात असा: अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने कृष्णवर्णीय लोक गोऱ्यांपेक्षा ४० टक्के जास्त मरतात. त्यांच्या गाठी मुळातच जहाल असतात, ‘केरास’ नावाच्या जनुकातला बदल त्यांच्यात जास्त आढळतो. एकाच स्टेजचे दोन रुग्ण घेतले तरी कृष्णवर्णीय आधी जातो. आफ्रिकेतून आलेल्या जनुकांचा हा दोष आहे. बोसमनकडे काय पैशाची कमी होती? तेव्हा तपासण्या, विमा, भेदभाव या गप्पा सोडा, रक्तातल्या गोष्टीला इलाज नसतो. शेवटी आपल्यासाठी दिलासा: भारतीयांच्या जनुकांत हा कॅन्सर नाही.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. कापून काढलेली आतडी रोज हाताळते. गाठीचं जीवशास्त्र हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे, त्यामुळे त्याच्या नावावर असं काही खपवलं जातं तेव्हा गप्प बसवत नाही.

पहिलं वाक्य बरोबर आहे. अमेरिकन कॅन्सर सोसायटी बरीच वर्षं हेच सांगते: हा कॅन्सर कृष्णवर्णीयांना सुमारे २० टक्के जास्त होतो आणि त्याने होणारे मृत्यू सुमारे ४० टक्के जास्त आहेत. घोळ सुरू होतो तो ‘मुळातच’ या शब्दापासून. मुळातच म्हणजे पहिल्यापासून. पण हा फरक पहिल्यापासून नव्हता. १९७०च्या दशकात या कॅन्सरचा मृत्युदर कृष्णवर्णीय पुरुषांमध्ये गोऱ्या पुरुषांपेक्षा किंचित कमीच होता. दरी पडू लागली ती १९८०च्या दशकात. शौचातलं छुपं रक्त तपासणं, दुर्बिणीने आतडं पाहणं, पॉलिप (अस्तरावरचा कोंब, ज्याचा पुढे कॅन्सर होऊ शकतो) दिसला की तिथेच काढून टाकणं, शस्त्रक्रियेनंतरची केमो, हे सगळं त्या सुमाराला हाती येऊ लागलं. गोऱ्यांचा मृत्युदर झपाट्याने उतरला. कृष्णवर्णीयांचा बराच काळ जागचा हलला नाही, नंतर हळूहळू उतरू लागला. चाळीस वर्षांत, दीड-दोन पिढ्यांत, एखाद्या समाजाची जनुकं पालटत नाहीत. नवे उपाय कोणाच्या दारी आधी पोचतात हे मात्र तेवढ्या काळात ठरून जातं.

आता ‘एकाच स्टेजचे दोन रुग्ण’. हा मुद्दा डॉक्टरांनाही पटतो, म्हणून इथे जरा थांबते.

स्टेज गाठीवर छापलेली नसते. ती आम्ही ठरवतो. शस्त्रक्रियेत काढलेला आतड्याचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये येतो. तो उघडायचा आणि मग त्याला चिकटलेली चरबी बोटांनी चाचपत लसिका ग्रंथी शोधायच्या. काही वाटाण्याएवढ्या, बऱ्याचशा मसुराच्या डाळीएवढ्या, काही त्याहून बारीक. किमान १२ ग्रंथी तपासायच्या असा जगभरचा दंडक आहे. एकीत जरी कॅन्सर सापडला तर स्टेज ३ आणि रुग्णाला केमो. सर्जनने चरबी तोकडी कापली किंवा शोधणाऱ्याने सहा ग्रंथींवर हात थांबवला, तर सातवीतला कॅन्सर कुणालाच दिसत नाही. कागदावर स्टेज २ येते, बऱ्याचदा केमो मिळत नाही, आणि दीड-दोन वर्षांनी यकृतात गाठी उगवतात. तेव्हा लोक म्हणतात की गाठ जहाल होती. म्हणजे दोन रुग्णालयांतली ‘एकच स्टेज’ एक असेलच असं नाही, आणि अमेरिकेत कोण कोणत्या रुग्णालयात पोचतो हे वंशावर, वस्तीवर आणि विम्यावर फार अवलंबून आहे.

स्टेज बरोबर लागली तरी पुढचं सारखं होतं का? अमेरिकेत ६५ वर्षांवरच्यांना मेडिकेअर हा सरकारी विमा असतो. तिथल्या स्टेज ३च्या रुग्णांचा एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. कॅन्सरतज्ज्ञाची भेट दोन्ही गटांतल्या जवळपास सारख्याच लोकांना मिळाली होती. प्रत्यक्ष केमो मात्र गोऱ्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांना आणि कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ५९ टक्क्यांना मिळाली. तज्ज्ञाच्या खोलीतून बाहेर पडल्यावर वाटा फुटल्या होत्या. ६५च्या आतल्यांचं चित्र २०१८च्या एका मोठ्या अभ्यासात दिसतं: दोन गटांच्या जगण्यातल्या फरकापैकी जवळजवळ निम्मा फरक एकट्या विम्याचा होता.

आणि उपचार सारखे दिले तर? त्याचंही उत्तर आहे. स्टेज २ व ३च्या, शस्त्रक्रियेनंतर केमो घेतलेल्या १४ हजारांहून अधिक रुग्णांवरच्या १२ औषधचाचण्या एकत्र करून २०११ साली पाहिल्या गेल्या. तिथे औषध, मात्रा, फेऱ्या सगळं आधी ठरलेलं. पाच वर्षांनी गोऱ्यांपैकी ७२.८ टक्के आणि कृष्णवर्णीयांपैकी ६८.२ टक्के हयात होते. फरक आहेच. पण कॅन्सर परत येण्याच्या गतीत दोन्ही गटांत नोंद घेण्याजोगा फरक निघाला नाही. गाठ मुळातच जहाल असती तर ती आधी परत यायला हवी होती. जास्तीचे मृत्यू बऱ्याच अंशी दुसऱ्या कारणांचे असावेत.

मग गाठींच्या जीवशास्त्रात काहीच फरक नाही? आहे, आणि तो नाकारणाऱ्यांशीही माझं पटत नाही. कृष्णवर्णीय रुग्णांत आतड्याच्या उजव्या बाजूचे कॅन्सर जास्त दिसतात. स्टेज ३च्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत ‘केरास’ जनुकातला बदल कृष्णवर्णीयांच्या सुमारे ४४ टक्के गाठींत, गोऱ्यांच्या ३५ टक्के आणि आशियाई लोकांच्या २८ टक्के गाठींत आढळला. हा बदल असला की कॅन्सर पसरल्यावर वापरायची सेटुक्सिमॅबसारखी औषधं लागू पडत नाहीत. त्याच चाचणीत पन्नाशीच्या आतल्या कृष्णवर्णीय रुग्णांत आजार उलटण्याचं प्रमाणही जास्त होतं. ही बाब गंभीर आहे आणि तिच्यावर अधिक काम व्हायला हवं. पण ‘बीराफ’ हा दुसरा बदल, जो असला की आमच्याही मनात धस्स होतं, तो त्याच चाचणीत गोऱ्यांच्या सुमारे १४ टक्के गाठींत होता आणि कृष्णवर्णीयांच्या फक्त ६ टक्के. फॉरवर्डमध्ये पहिली आकडेवारी आहे, दुसरी गाळली आहे. शिवाय दोन्ही आकडे पाहिले तर कळतं की गाठ कशी आहे हे रुग्णाच्या वंशावरून ओळखताच येत नाही. त्यासाठी गाठच तपासावी लागते.

उजव्या बाजूबद्दलही थोडं सांगते. तिथे मळ पातळ असतो, आतडं रुंद असतं, त्यामुळे अडथळा उशिरा होतो. रक्त डोळ्यांना दिसत नाही, फक्त हिमोग्लोबिन उतरत जातं. पॉलिपही बऱ्याचदा चपटे असतात, पोट नीट साफ झालं नसेल किंवा दुर्बीण घाईत फिरवली तर सुटतात. मेडिकेअरच्या रुग्णांत असंही दिसलं आहे की कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची दुर्बिणीने तपासणी, झाल्यानंतरच्या काही वर्षांतच कॅन्सर निघण्याचं प्रमाण कृष्णवर्णीयांत ७.१ टक्के होतं आणि गोऱ्यांत ५.८ टक्के. कृष्णवर्णीय रुग्ण जास्त करून ज्या डॉक्टरांकडे जात होते त्यांचं पॉलिप शोधण्याचं प्रमाणही कमी होतं. उजवी बाजू हे जीवशास्त्र खरं, पण तिथली गाठ वेळेत सापडते की नाही हे जीवशास्त्र ठरवत नाही.

आफ्रिकेच्या जनुकांचा मुद्दा तर आफ्रिकेतच कोसळतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पिट्सबर्गच्या २० आफ्रिकन-अमेरिकन लोकांनी आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यांतल्या २० जणांनी दोन आठवडे ताटांची अदलाबदल केली. त्यामागचं कारण असं: पहिल्या गटाच्या समाजात हा कॅन्सर लाखात सुमारे ६५ जणांना होत होता, दुसऱ्याच्या समाजात पाचांहून कमी. अमेरिकेतल्या बहुतेक कृष्णवर्णीयांचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेतले आहेत, त्यामुळे ही तुलना तंतोतंत नाही, हे मान्य. तरी दोन आठवड्यांत जे झालं ते बोलकं आहे. भरपूर तंतुमय अन्न खाऊ लागलेल्या अमेरिकनांच्या आतड्यात अस्तराला पोषक असं ब्युटिरेट वाढलं आणि अस्तराच्या पेशींची वाढ व दाह मंदावला. चरबीयुक्त अमेरिकी जेवण जेवणाऱ्या गावकऱ्यांत नेमकं उलटं झालं. आणि अमेरिकेत हा कॅन्सर सर्वांत जास्त कुणाला होतो? अलास्काच्या मूळ रहिवाशांना.

बोसमनला २०१६ साली स्टेज ३चं निदान झालं तेव्हा त्याचं वय चाळिशीच्या आत होतं. २०२०च्या ऑगस्टमध्ये, ४३व्या वर्षी तो गेला. सरसकट तपासणी तेव्हा पन्नाशीपासून व्हायची. ती ४५वर आणायची शिफारस अमेरिकन कॅन्सर सोसायटीने २०१८ साली आणि सरकारी तज्ज्ञगटाने २०२१ साली केली. तपासणीच्या वयाच्या आतच त्याला आजाराने गाठलं. तरुण गोऱ्यांनाही आता हा आजार वाढत्या प्रमाणात गाठतो आहे. एका माणसाच्या मृत्यूवरून कोट्यवधींच्या रक्ताचा निकाल लावता येत नाही.

राहिला ‘इलाज नाही’ हा दावा. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो, कारण इलाज करून दाखवलेला आहे.

डेलावेअर हे अमेरिकेतलं एक चिमुकलं राज्य. २०००नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्या सरकारने ठरवलं की कोलोनोस्कोपी सगळ्यांपर्यंत न्यायची. विमा नसेल त्याचा खर्च राज्याने उचलायचा. कॅन्सर निघालाच तर दोन वर्षांपर्यंतचे उपचारही. आणि माणसाला घरून उठवून तपासणीपर्यंत आणायला नर्स नेमायच्या: फोन करणं, तारीख घेणं, पोट साफ करायचं औषध कसं घ्यायचं ते समजावणं, येण्याजाण्याची सोय बघणं. २००२ साली कृष्णवर्णीयांपैकी ४८ टक्क्यांची तपासणी झालेली होती, २००९ साली ७४ टक्क्यांची, म्हणजे गोऱ्यांच्या बरोबरीने. कृष्णवर्णीयांत निदानाच्या वेळी कॅन्सर आतड्याबाहेर पसरलेला असणाऱ्यांचं प्रमाण ७९ टक्क्यांवरून ४०वर आलं. (आतड्यापुरता असताना सापडला तर पाच वर्षं जगणारे शंभरात नव्वदच्या आसपास असतात, दूरवर पसरल्यावर पंधराच्या आसपास.) कृष्णवर्णीयांचा मृत्युदर लाखामागे ३१.२ वरून १८ झाला, गोऱ्यांचा १९.५ वरून १६.९. एका दशकाच्या आत दरी जवळपास बुजली.

लहान राज्याचं काय घेऊन बसलात, असं कुणी म्हणेल. कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात कैसर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेचे लाखो सभासद आहेत. तिने शौचतपासणीची किटं घरपोच पाठवायला सुरुवात केली. तपासणी झालेल्या कृष्णवर्णीय सभासदांचं प्रमाण २००० सालच्या ४२ टक्क्यांवरून २०१९ साली ८० टक्क्यांवर गेलं. दोन गटांच्या मृत्युदरातलं अंतर २००७ ते २००९ या काळात लाखामागे २१.६ होतं, ते २०१९ साली १.६ उरलं. डेलावेअर असो की कॅलिफोर्निया, जनुकं होती तीच होती.

आपल्या ‘दिलाशा’बद्दल एवढंच: भारतात या कॅन्सरचं प्रमाण कमी आहे हे खरं, पण तेच भारतीय अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये स्थायिक झाले की ते वाढतं. आणि इथे ज्यांना तो होतो त्यांच्यात तरुणांचं प्रमाण डोळ्यांत भरण्याइतकं आहे. माझ्याकडे आतड्याच्या नमुन्यासोबत जो फॉर्म येतो त्यात आधीच्या त्रासाचा रकाना असतो. चाळिशीच्या आतबाहेरच्या रुग्णाच्या त्या रकान्यात मी कितीदा वाचलं आहे: शौचावाटे रक्त, मूळव्याध समजून आठ महिने औषध चालू.